घरचं माणूस शेवटी

प्रेस्टन तुस्कानोला माणसं जमवायचा नाद. किती, तर दुबईच्या मेट्रोत शेजारी वसईचं कोणी निघालं की दोन स्टेशनं जाईपर्यंत त्याचा नंबर ह्याच्या फोनमध्ये आणि त्याचं सगळं खानदान ह्याच्या तोंडपाठ. नोकरीही तशीच मिळाली होती. जुमेरा लेक टॉवर्समध्ये घरं विकणारी एक कंपनी आहे, तिच्यात तो मार्केटिंगला. ज्याला घर नको आहे त्याला ते हवंसं वाटायला लावायचं, हे त्याचं काम. ते त्याच्या इतकं अंगात भिनलं होतं की मुलीच्या बारशाच्या आमंत्रणावरही त्याने 'लिमिटेड सीट्स' लिहून ठेवलं होतं. त्यावरून मी त्याला वर्षानुवर्षं चिडवलं. हल्ली चिडवत नाही.

मी लॅरिसा. वसईकडच्या भुईगावात आमची विहीर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक केळीची वाडी, एवढाच काय तो दुरावा. इकडे मी एका हॉटेलच्या लाँड्रीवर सुपरवायझर आहे आणि राहते अल बर्शात, प्रेस्टनच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत. म्हणजे गाव सुटलं तरी शेजार सुटला नाही. त्याचं सगळं मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते.

कोरोनाच्या वर्षी दुबईतली चर्चं बंद झाली. आमच्याकडे दिवेलागणीला घरोघरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना म्हणतात, ती चर्चातल्या मिस्सेइतकीच अंगवळणी पडलेली असते. प्रेस्टनची आई, आमची फिलूमावशी, फोनवर त्याला म्हणाली की चर्चला कुलूप लागलं तरी माळेला कोणी लावलंय? एवढं बोलणं प्रेस्टनला पुरलं. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून त्याने झूम घेतलं. पहिल्या संध्याकाळी आम्ही मोजकेच होतो. प्रेस्टन, मी, शारजाच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असलेली नोरा, आणि जॉन. जॉन मुहैस्नाहला कामगारांच्या कॅम्पात राहायचा, सुतारकाम करायचा. वरच्या बंकवर आडवा पडून, कानात वायरी घालून, हळू आवाजात म्हणायचा. खालच्या माणसाची झोप मोडायला नको. आणि भुईगावहून मावशी. तिला फोन लावून द्यायला शेजारच्या पाटलांची सून स्वप्नाली यायची. फोन डब्याला टेकवून ठेवायची, घरी जाऊन पोळ्या करायची आणि संपायच्या वेळेला येऊन बंद करायची. ग्रुपला नाव दिलं होतं 'खाडीपलीकडची माळ'.

रोझरीत एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी मिळून दुसरा. आता झूमवर 'मिळून' कसलं आलंय? मावशीचा अर्धा भाग संपायच्या आत नोराचं उत्तर यायचं, मग माझं, मग सगळ्यांचं आटोपल्यावर जॉनचं एकट्याचं 'आमेन'. मावशीला त्याचं काही नव्हतं. तिने आयुष्यात कधी एसटीची वाट पाहिली नाही, नेटची काय पाहणार? कोण कुठे अडकलंय याची फिकीर न करता ती आपल्या कादोडी बोलीत पुढे निघालेली असायची आणि आम्ही तिच्या मागून धावत असायचो. हसू यायचं, आणि फार बरं वाटायचं. लोक मरत होते त्या दिवसांत, आणि आम्हाला संध्याकाळ हवीहवीशी वाटायची.

माळ झाली की मावशी नावं घ्यायची. आमच्या आळीतली ती जुनी रीत. जे परमुलखात आहेत त्यांची एकेकाची ओळख देऊन नावं घ्यायची, म्हणजे देवाच्या आईचा घोटाळा व्हायला नको. 'विहिरीवरल्यांची लॅरिसा, तिला सांभाळ, माये. वरच्या खाटेवरला जॉन, त्याला सांभाळ, माये.' नोरा मुंबईची, तिला आळीही नाही आणि विहीरही नाही. मावशीने तिला 'काउंटरवर उभी असते ती नोरा' करून टाकलं, आणि नोरा पहिल्यांदा ते ऐकून रडली. या नावांचा एक नियम होता. घरचं माणूस शेवटी. आधी लोकांची लेकरं, मग आपलं. म्हणून सगळ्यात शेवटी, आवाज थोडा खाली आणून, 'आणि आमचा बाबू.' बाबू म्हणजे प्रेस्टन. जुमेरा लेक टॉवर्समधला हा टाय लावणारा माणूस तेवढं ऐकायला रोज कॅमेऱ्याजवळ सरकून बसायचा. मी पाहिलंय.

ग्रुप वाढवायची कल्पना वाईट मनातून आली नव्हती, हे आधी सांगते. जॉनने कॅम्पातले दोघे आणले, नोराने तिच्या हॉटेलातली एक गोव्याची मुलगी आणली. एकटी पडलेली माणसं होती ती. मावशी खूश. 'अजून कोण एकटं असेल तर त्यालाही घ्या,' असं ती म्हणाली, आणि प्रेस्टनने ते टार्गेटसारखं उचललं.

चर्चं उघडली, लोक परत कामाला लागले. तेव्हा खरं तर आमचा ग्रुप आपोआप निवला असता. पण प्रेस्टनने त्याला ऑफिसातली हवा भरली. इथे रस्त्यावर धर्माचं काही वाटायची सोय नसते, म्हणून फादरांची परवानगी काढून चर्चच्या आवारातच, मिस्सा सुटल्यावर, तो फोनवर क्यूआर कोड उघडून उभा राहायचा. येईल त्याला स्कॅन करायला लावायचा. 'ब्रदर, फक्त ट्वेंटी मिनिट्स, घरबसल्या.' मल्याळी, मंगळुरी, फिलिपिनो, कोणालाही सोडलं नाही. मग पोस्टर्स आली, रील्स आली, 'आणा एक मित्र' असा महिना साजरा झाला. सगळ्यांना कळावं म्हणून रोझरी इंग्रजीत गेली. नावही बदललं: 'बीड्स अँड ब्लेसिंग्ज, यूएई.' मी म्हटलं, हे मण्यांच्या दुकानाचं नाव वाटतंय. तो हसला, पण बदललं नाही.

मदतीला त्याने ॲड्रियन नावाचा एक पोरगेलासा इंजिनीयर धरला. मनाने चांगला, कामाला वाघ. त्याने सुरुवातीला वाजायला संगीत आणलं, पडद्यावर मेणबत्त्यांचं चित्र आणलं, रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर चढवायला सुरुवात केली. रोज दुपारी व्हॉट्सॲपवर एक रंगीत पोस्टर यायचं: 'वेलकम टू अवर फॅमिली', आणि खाली नव्या मेंबरांची नावं. ती नावं ॲड्रियन झूमवरून जशीच्या तशी उचलायचा. त्यामुळे थॉमस आणि ग्लोरिया यांच्या मध्ये कधी 'गॅलॅक्सी ए फिफ्टीन' याचंही कुटुंबात स्वागत व्हायचं. कोणाच्या लक्षात यायचं नाही, कारण ते पोस्टर कोणी वाचत नव्हतं. अंगठा दाखवून सगळे मोकळे.

एवढी माणसं झाल्यावर सगळ्यांचे माइक उघडे ठेवता येईनात. कोणाचा मिक्सर, कोणाचं पोर, कोणाचा टीव्ही. ॲड्रियनने सगळ्यांना म्यूट केलं. बोलायचं फक्त पॅनेलवरच्या चौघापाचांनी, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी मनात उत्तर द्यायचं.

मी त्या रात्रीच प्रेस्टनला फोन केला. मावशीचं काय, असं सरळ विचारलं.

"अगं, तिला पॅनेलवर कसं घेऊ? सगळं इंग्लिशमध्ये आहे. आणि तिची नावं सुरू झाली की पाच-सात मिनिटं जातात. मी डेटा बघतो ना रोज, वीस मिनिटांच्या वर पब्लिक थांबतच नाही."

"मग तिला तसं सांग तरी."

"सांगतो. खलास, उद्याच सांगतो."

नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता, मग आठवड्याने तिला ताप होता, मग पावसाळ्यात घराचे पत्रे उडाले. आईला 'तू आता बोलू नकोस' हे सांगायला चांगला दिवस कुठला असतो? मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा तो चिडला, आणि मीही सोडून दिलं. त्याने मनाची समजूत अशी घातली की ती ऐकतेय, तेवढ्यात तिचं समाधान आहे. ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, हे तो लोकांना कौतुकाने सांगायचा. 'माय मदर, फर्स्ट टू जॉइन, एव्हरी डे.' त्याच्या एका रीलमध्येही ते वाक्य आहे.

जॉन मात्र सुटला. त्याला इंग्रजी प्रार्थना पाठ नव्हती आणि मनात उत्तर द्यायला फोन कशाला लागतो, असं तो म्हणाला. त्याच्या जाण्याची नोंद कुठल्या पोस्टरवर आली नाही.

एकदा मी त्यांच्याकडे बसले होते. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर रोझरी चालू होती, मध्ये मेणबत्त्या आणि कडेला माणसांच्या लहान लहान चौकटी. प्रेस्टनची मुलगी वरच्या चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "डॅडी, ग्रॅनी इज टॉकिंग. नो साउंड." त्याने मान वर करून पाहिलं. मावशीचे ओठ हलत होते. "स्वप्नालीवहिनीशी बोलत असेल," तो म्हणाला, आणि परत लॅपटॉपवर आज किती जण आले ते बघायला लागला. बाजूला कोणी दिसत नव्हतं. ते त्यालाही दिसलं असावं, पण त्या दिवशी आकडा पहिल्यांदाच पाचशेच्या वर गेला होता.

मावशी गेली ती उपवासकाळात, पहाटे, झोपेतच. प्रेस्टन मिळेल त्या विमानाने गेला आणि मातीला वेळेवर पोचला. ग्रुपवर ॲड्रियनने फुलांचं पोस्टर टाकलं, त्याखाली अंगठ्याएवढ्या जोडलेल्या हातांची शेकडो चित्रं आली. एकाने विचारलं, "हू इज शी?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "ॲडमिन्स मॉम आय थिंक."

भुईगावात काय झालं ते मला प्रेस्टनने नंतर सांगितलं. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, पाहुणे पांगले. तो ओट्यावर बसलेला असताना स्वप्नाली चहा घेऊन आली. मावशीचा फोन तिच्याकडे होता, तो द्यायला आली होती. मग सहज बोलावं तशी म्हणाली की आता दुपारचं तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं. कारण रोज दुपारी ते पोस्टर आलं की मावशी तिला हाक मारायच्या, नवीन कोण आलं ते वाच म्हणून. इंग्रजी अक्षर मावशीला येत नव्हतं. स्वप्नाली वाचायची आणि मावशी मण्यांवर बोट ठेवून ठेवून नावं पाठ करायच्या, तोंडात न बसणारी पुन्हा पुन्हा विचारून घ्यायच्या. गॅलॅक्सी कुठल्या घरचा, असंही विचारलं होतं. ते माणसाचं नाव नाही, फोनचं आहे, असं स्वप्नालीने सांगितलं. तर मावशी म्हणाल्या, "फोनच्या मागे माणूस असेलच की."

"पाठ कशासाठी करायची?" प्रेस्टनने विचारलं.

"असं काय विचारता भाऊ? रात्री माळेत घ्यायला. सगळी नावं घ्यायच्या, शेवटी शेवटी तर मी पोळ्या उरकून आले तरी चालूच असायचं. मी म्हणायचे मावशी, दमलात, थोडी गाळा. तर म्हणायच्या, बाबूने एवढ्या लांबून माणसं आणलीत, गाळायची कुठली?" मग तिने विचारलं, "तुम्हाला तिकडे नीट ऐकू यायचं ना?"

"हो," प्रेस्टन म्हणाला. "नीट यायचं."

हे मला सांगताना त्याने तेवढं 'हो' दोनदा म्हणून दाखवलं.

मला वाटतं मावशीला शंका आली नसणार. मुळात झूमवर सगळे एकमेकांच्या अंगावर बोलतात, हे तिने पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. तिकडून कोणी इंग्रजीत म्हणतंय, इकडून आपण आपल्या बोलीत म्हणायचं, माये दोन्हींकडे बघेल. तिने आपलं काम चालू ठेवलं. आमच्या त्या भल्यामोठ्या कुटुंबात नव्याने आलेल्याचं नाव घेऊन स्वागत करणारं एकच माणूस होतं, आणि तिचा माइक आम्ही बंद केला होता. 'आम्ही' म्हणते, कारण अंगठे मीही दाखवलेत.

दुबईला परतल्यावर प्रेस्टन तीन-चार दिवस बरा वाटला. शुक्रवारी त्याचा फोन आला, जरा येतेस का म्हणून. गेले तर बायकोमुलगी बाहेर गेलेल्या, पडदे ओढलेले, आणि टीव्हीवर ग्रुपची जुनी रेकॉर्डिंग लावलेली. आवाज बंद केला होता. मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, त्यामुळे तिची चौकट दरवेळी वरच्याच ओळीत. डोक्यावर पदर, मागे भिंतीवर वाळत घातलेली गोधडी, हातात माळ. कोपऱ्यात एवढीशी, पण स्पष्ट. दोन-अडीच वर्षांतली मावशी तिथे होती, फक्त आवाज नव्हता.

"तू तिची बोली ओळखतेस," तो म्हणाला. "बघ, काय म्हणते ते कळतंय का."

मी आधी नको म्हणत होते. पण बसले. माळ संपायची, पॅनेलवरची बाई गोड आवाजात समारोप करत असणार, आणि इकडे मावशीची नावं सुरू व्हायची. दर नावानंतर 'सांभाळ, माये' येतं, त्याची ओठांची हालचाल एकच; ती एकदा सापडली की मधली नावं थोडी थोडी कळायला लागतात. नोरा कळली, तोंडाचा चंबू होतो. माझं नाव मी ओळखलं आणि मला पुढचं काही वेळ दिसेना. जॉनला तिने सोडलं नव्हतं. तो ग्रुप सोडून गेला तरी वरच्या खाटेवरचा तिच्यासाठी तिथेच होता. मग नवीन नावं यायची, एकामागून एक, ती अडखळायची, डोळे मिटून आठवायची, पुन्हा चालू.

प्रेस्टन पुढे सरकून बसला होता, जसा तेव्हा बसायचा. मी समजले तो कशाची वाट बघतोय. बाबू म्हणताना दोनदा ओठ मिटतात, ते लांबूनही दिसलं असतं.

आणि रेकॉर्डिंग संपलं. मावशीचे ओठ अर्धे उघडे, आणि पडद्यावर ग्रुपचं चिन्ह आणि 'शेअर विथ युवर फ्रेंड्स.'

त्याने दुसऱ्या दिवशीचं लावलं. तेही तिथेच कुठेतरी तुटलं. मग आधीच्या महिन्याचं. वीस मिनिटं झाली की ॲड्रियन रेकॉर्डिंग बंद करायचं बटण दाबायचा, तसं त्याला सांगूनच ठेवलं होतं. सगळ्यात जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नावं कमी होती, ती शेवटाच्या बरीच जवळ आली होती. पण रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हाच ग्रुप भरायला लागला होता. तिथेही ती त्याच्यापर्यंत पोचली नाही. आणि पुढे पुढे तर ती त्याच्यापासून लांबच जात राहिली, रोज दोन-चार नावांनी.

त्याने रिमोट सोफ्यावर ठेवला.

"मीच उभे केले ना गं," तो म्हणाला. "तिच्या आणि माझ्या मध्ये एवढे लोक."

नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि हो म्हणायची गरज नव्हती. ती रोज शेवटी तुझं नाव घेतच असणार, स्वप्नाली साक्षीला आहे, असं मी म्हटलं. त्याने मान हलवली. ते त्यालाही माहीत होतं. त्याला ते ऐकायचं होतं. आणि ऐकायची सोय रोज त्याच्या हाताशी, एका बटणावर होती, हे काही त्याला मी सांगायला नको होतं.

'बीड्स अँड ब्लेसिंग्ज' छान चाललंय. ॲड्रियन बघतो. परवाच चर्चच्या आवारात एका मुलीने मला अडवून क्यूआर कोड पुढे केला, फक्त ट्वेंटी मिनिट्स, आंटी, म्हणाली. प्रेस्टन त्यात नाही.

आम्ही परत आमची जुनी माळ सुरू केली आहे. मी, नोरा, प्रेस्टन. जॉनला शोधून काढला, तो आता अजमानला असतो, त्याचं 'आमेन' अजूनही सगळ्यांच्या शेवटी येतं. सगळ्यांचे माइक उघडे असतात. मावशीची नावं कोणी घ्यायची, असा प्रश्न आला तेव्हा प्रेस्टन म्हणाला, मी घेतो. विहिरीवरल्यांची लॅरिसा, काउंटरवरची नोरा, वरच्या खाटेवरला जॉन. पॅनेलवर कधी अडखळला नाही तो माणूस आमच्या तीन नावांना अडखळला. पुढे तो थांबला. आपलं नाव आपण घ्यायचं नसतं.

मग मीच म्हटलं, "आणि आमचा बाबू." मागून नोराने म्हटलं, मग बऱ्याच उशिराने जॉनने. प्रेस्टनने ऐकलं, थँक्यू म्हणाला, आणि कॅमेऱ्यापासून थोडा मागे सरकून बसला.